हार्ड डिस्कचा दिवा विझतच नाही तेव्हा

“दादा, कॉम्प्युटरवर काहीच उघडलेलं नाही, तरी पुढचा लाल दिवा सारखा लुकलुकतोय आणि आतून खरखर येतेय.” पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही मला पाठ झालंय. कुणीतरी त्यांना ‘फॉरमॅट मारून टाका’ असं सांगितलेलं असतं आणि त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. आत मुलांचे फोटो असतात, सोसायटीचे हिशेब असतात, नाहीतर अर्धवट लिहिलेला प्रबंध असतो.

डिस्क आपणहून पळत नाही, तिला कुणीतरी पळवत असतं. बहुतेक वेळा तो ‘कुणीतरी’ अर्ध्या तासात सापडतो आणि फॉरमॅटची गरजच पडत नाही. थोड्या वेळा मात्र डिस्कच आजारी असते, आणि तेव्हा उलट्या क्रमाने केलेली तपासणीच तिला संपवते. म्हणून हा क्रम मी सोडत नाही आणि तुम्हीही सोडू नका.

पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ असलेल्या आणि आत फिरती हार्ड डिस्क असलेल्या डेस्कटॉपबद्दल आहे.

आधी लक्षणं

कॉम्प्युटर सुरू होऊन अर्धा तास झाला तरी दिवा थांबत नाही. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं दहा-पंधरा सेकंदांनी उघडतं. फोल्डर उघडला की वरची हिरवी पट्टी रेंगाळत राहते. टाइप केलेली अक्षरं थांबून थांबून एकदम उमटतात. टास्क मॅनेजरमध्ये (कोणता प्रोग्राम किती काम करवतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, ती कशी उघडायची ते पुढे येतं) डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतं, पण वेगाचा आकडा सेकंदाला एक एमबीसुद्धा नसतो.

चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं दिवा पेटत असेल तर ते दुखणं नाही, जुन्या मशीनला तेवढा वेळ लागतोच. दिवा घड्याळासारखा दर सेकंदाला एकदाच चमकत असेल तर डीव्हीडी ड्राइव्हकडे बघा. काही जुन्या मशीनवर विंडोज ‘सीडी टाकली का?’ असं ड्राइव्हला सारखं विचारत राहतं आणि त्याचीही नोंद त्याच दिव्यावर होते. ड्राइव्हची केबल काढली की चमकणं थांबतं, आणि नाही काढली तरी काही बिघडत नाही.

आता आवाज ऐका. पंखे आणि स्पीकर बंद करून कॅबिनेटच्या बाजूला कान न्या. बारीक, अनियमित कुरकुर म्हणजे डिस्क काम करतेय. पण ‘टक... टक... टक’ असा ठरावीक अंतराने येणारा ठोका, मध्येच मोटार मंदावून पुन्हा वेग घेतल्याचा आवाज, किंवा धातू घासल्यासारखी किरकिर आली तर इथलं पुढचं काहीही करू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

तपासणीच्या आधी: महत्त्वाचं तेवढं बाहेर काढा

याला पैसे लागत नाहीत, घरात एक बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह असला की झालं. सगळं विंडोज कॉपी करायचं नाही. जे पुन्हा मिळणार नाही तेवढंच घ्यायचं: फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा फोल्डर, मराठी टायपिंगच्या फाइली आणि त्यांचे फॉन्ट. फॉन्ट लोक हमखास विसरतात. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली तर नुसती चिन्हं दिसतात.

आधी कॉपी, मग निदान, असं का म्हणतो ते सांगतो. नारायण पेठेत एक डीटीपीचं दुकान आहे. दिवाळी अंकांची धावपळ सुरू होती, आणि दुकानातल्या मुख्य मशीनचा दिवा दोन दिवस विझला नव्हता. मालकांना एका ओळखीच्याने सांगितलं होतं, ‘रात्री डीफ्रॅग लावून जा, सकाळी मोकळी होईल.’ मी पोचलो तेव्हा त्यांचा हात माउसवर होता. डिस्कवर बोटं टेकवली तर दर सहा-सात सेकंदांनी बारीक धक्का जाणवत होता. मी त्यांना हात जोडून थांबवलं. आम्ही फक्त अंकांच्या पानांचे फोल्डर निवडले आणि एकेक करून बाहेर काढायला घेतले. एरवी वीस मिनिटांचं ते काम पहाटे साडेचारला संपलं. तिसऱ्या दिवशी ती डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्येही, दिसेना. डीफ्रॅग म्हणजे जवळजवळ प्रत्येक फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं. आजारी डिस्कला रात्रभर तसं राबवलं असतं तर सकाळी काय हाती लागलं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

पहिली तपासणी: पळवतंय कोण?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘मोअर डिटेल्स’ दिसलं तर तिथे क्लिक करा आणि डिस्कच्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त काम करवणारा वर येईल. लगेच निष्कर्ष काढू नका, पाच मिनिटं नुसतं बघत बसा. एकच नाव सारखं वर येतं की नावं बदलत राहतात, ते कागदावर लिहा.

‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असेल तर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस फाइली तपासतोय. त्याला पूर्ण होऊ द्या. पण त्याच मशीनवर बाहेरचे दोन-दोन अँटीव्हायरस असतील, एक जुना मुदत संपलेला आणि एक नवा, तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. एक ठेवा, बाकीचे अनइन्स्टॉल करा.

‘सर्च इंडेक्सर’ असेल तर आठवा, अलीकडे एकदम खूप फाइली टाकल्यात का? लग्नाचे दहा हजार फोटो कॉपी केले की शोधयादी नव्याने बनते. एक-दोन दिवस मशीन चालू ठेवलं की तो शांत होतो. आठवड्यानेही शांत झाला नाही तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन यादी पुन्हा बनवायला सांगा.

वनड्राइव्ह किंवा दुसरा कुठला क्लाउड फोल्डर असेल तर त्याला तासभर थांबवून बघा. दिवा विझला तर चोर सापडला.

‘सर्व्हिस होस्ट: सिसमेन’ बराच वेळ वर दिसत असेल तर ती पूर्वी सुपरफेच नावाची असलेली सेवा आहे. तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्राम आधीच रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या वेगवान पण तात्पुरत्या मेमरीत, आणून ठेवणं हे तिचं काम. फिरत्या डिस्कच्या काही मशीनवर ती मदतीपेक्षा अडचणच जास्त करते. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ती थांबवा आणि एक दिवस मशीन वापरा. फरक पडला तर ‘डिसेबल्ड’ करा, नाही पडला तर होती तशी ठेवा. कुणीतरी सांगितलं म्हणून दहा सेवा एकदम बंद करू नका, मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

चहाला उठलं की पेटणारा दिवा

हे दुखणं पुण्यातल्या घरांमध्ये मला फार दिसतं. तुम्ही काम करत असता तेव्हा सगळं ठीक असतं. चहा टाकायला उठलात की दहा मिनिटांत डिस्क घरघरायला लागते, आणि परत येऊन माउस हलवला की थोड्या वेळात थांबते. लोकांना वाटतं की आपल्या मागे कुणीतरी आत शिरलंय.

विंडोजची स्वयंचलित देखभाल ठरवून दिलेली असते रात्री २ वाजताची. अपडेट, सुरक्षा तपासणी, डिस्कची आवराआवर, सगळं त्यात येतं. पण रात्री २ वाजता आपल्याकडे मशीन बंद असतं, बऱ्याच घरी तर बटणसुद्धा भिंतीतून बंद असतं. ती वेळ हुकली की विंडोज पुढच्या रिकाम्या क्षणाची वाट बघतं, आणि तो क्षण म्हणजे तुमचा चहा. एका सोसायटीचे सेक्रेटरी काका मशीन फक्त रविवारी सकाळी उघडायचे आणि ‘दर रविवारी हा अडतो’ म्हणून वैतागायचे. आठवड्याची सगळी कामं त्या दोन तासांत उरकायची धडपड चालायची. मी त्यांना एवढंच सांगितलं, शनिवारी संध्याकाळी मशीन सुरू करून, स्लीप बंद ठेवून तीन-चार तास तसंच राहू द्या. त्यानंतर त्यांचा रविवारचा फोन आला नाही.

दुसरी तपासणी: रॅम पुरतेय का?

टास्क मॅनेजरमध्येच मेमरीचा रकाना बघा. ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर डिस्कला दोष देऊन उपयोग नाही. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये उतरवून ठेवतं आणि लागला की परत उचलतं. ४ जीबी रॅम, विंडोज १० आणि ब्राउझरमध्ये पंधरा टॅब असं असलं की ही चढ-उतार दिवसभर चालते.

खात्री करायची तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा आणि डिस्कचा टॅब उघडा. तिथे कोणती फाइल वाचली-लिहिली जातेय ते नावानिशी दिसतं. पेजफाइल सारखी वर असेल तर रॅम वाढवणं हाच इलाज. आधी बिनखर्चाचं करा: ‘स्टार्टअप’ टॅबमधले नको ते प्रोग्राम बंद करा, ब्राउझरच्या टॅब कमी करा. मग रॅम घ्या, पण आपल्या बोर्डाला (मदरबोर्डला) डीडीआर३ प्रकारची लागते की डीडीआर४ ते बघूनच. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवली तर स्लॉट जातो.

पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. मशीन बंद करून, वायर काढून, पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर हलकेच फिरवला आणि चुरा झटकला की बरीच मशीनं सरळ होतात. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

तिसरी: जागा

सी ड्राइव्हची पट्टी लाल असेल तर निदान १५ टक्के जागा मोकळी होईपर्यंत साफसफाई करा. ‘डिस्क क्लीनअप’ चालवा, डाउनलोड फोल्डर रिकामा करा. डीटीपी करणाऱ्यांनी कोरलड्रॉ आणि फोटोशॉपच्या तात्पुरत्या फाइली कुठे साठतात ते बघावं, मशीन अचानक बंद पडलं की त्या तशाच पडून राहतात.

याच टप्प्यावर एक पूर्ण व्हायरस तपासणी लावा, विशेषतः झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणल्यापासून फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर.

चौथी: डिस्कची तब्येत

इथपर्यंत ठोस नाव सापडलं नाही, किंवा टास्क मॅनेजरमध्ये फक्त ‘सिस्टिम’ वर दिसतंय, तर आता डिस्कलाच विचारायचं.

आधी तो १०० टक्क्यांचा आकडा समजून घ्या. तो वेग सांगत नाही, डिस्क किती वेळ कामात अडकली होती ते सांगतो. डिस्कच्या आत मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद, आणि हेड त्या पट्टीवर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा करायचे तर सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे उचलता येतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. मंडईत एकाच गाळ्यावर भाजी घेतली तर पिशवी पाच मिनिटांत भरते, एकेक जिन्नस वेगळ्या गाळ्यावरून आणायचा तर सकाळ जाते, तसंच हे. त्यामुळे वेग कमी आणि १०० टक्के एवढ्यावरून डिस्क खराब ठरत नाही. खरी खूण आहे ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’. तो परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं की दिसतो. कामाच्या रेट्यात काही दहा मिलिसेकंद ते शे-दोनशे चालतात. तो वारंवार हजारांत जात असेल आणि तेव्हा वेग शून्याजवळ असेल, तर डिस्क कुठल्यातरी जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय.

आता ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाका. वरचा रंगीत चौकोन निळा (म्हणजे ‘सगळं ठीक’) असला तरी खाली या चार ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब झालेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, संख्या. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे वाचलेच न गेलेले. सी७ वेगळी आहे, ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या केबलवर झालेल्या चुका मोजते. उजवीकडचे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर दाखवलेले असतात, म्हणजे तिथलं १० हे आपलं १६, हे लक्षात असू द्या.

माझा नियम असा: ०५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन् महिने तेवढाच असेल तर डिस्क वापरता येते, पण एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवायची नाही. सी५ मध्ये काहीही असेल आणि दोन दिवसांत वाढलं, तर त्या डिस्कवरचा भरवसा संपला.

दुसरा साक्षीदार म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’. विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथे क्रमांक बघा: ७ म्हणजे खराब ब्लॉक लागला, ५५ म्हणजे फाइलींची मांडणी बिघडली, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं.

सी५ आणि सी६ शून्य असतील, ७ क्रमांकाची नोंद नसेल आणि फक्त ५५ दिसत असेल, तरच ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं करून दुरुस्ती चालवा. वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की हे हमखास होतं. पण सी५ मध्ये आकडा असताना ही तपासणी, त्यातही खराब सेक्टर शोधणारी पूर्ण तपासणी चालवू नका. ती डिस्कचा कोपरान् कोपरा वाचते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढं सोसत नाही.

पाचवी: केबल

सी७ वाढत असेल किंवा १२९ च्या नोंदी असतील तर कॅबिनेट उघडा. वायर काढून, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरून मगच. डिस्क ते बोर्ड जाणारी साटाची पातळ केबल, बहुतेक लाल, दोन्हीकडून काढून पुन्हा बसवा. क्लिप नसलेली जुनी केबल धक्क्याने सैल होते. तपकीर गल्लीत किंवा जवळच्या दुकानात क्लिपवाली नवी केबल स्वस्तात मिळते. बदलताना बोर्डावरचा दुसरा साटा पोर्टही वापरून बघा. सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही, तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं.

केबल बदलूनही १२९ येत राहिला आणि डिस्कची तब्येत चांगली असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून साटाचा ड्राइव्हर (विंडोजला तो भाग चालवायला लागणारा प्रोग्राम) आणि बायोसची नवी आवृत्ती बघावी लागते. विंडोज १० मध्ये काही साटा कंट्रोलरवर विंडोजच्याच ड्राइव्हरमुळे डिस्क १०० टक्क्यांवर अडकायची, आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीतला, बदल सांगितला होता. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

सगळं ठीक असूनही मशीन रडत असेल तर

आकडे स्वच्छ, रॅम ८ जीबी, केबल नवी, आणि तरी दिवा विझत नाही अशी मशीनं पुष्कळ आहेत. आताची विंडोज फिरत्या डिस्कला मानवत नाही. विंडोजसाठी साटाची छोटी एसएसडी बसवा आणि जुनी डिस्क फोटो-फाइलींसाठी डी ड्राइव्ह म्हणून ठेवा. बोर्ड दहा वर्षं जुना असला तरी फरक पडतो, कारण एसएसडीत फिरणारी तबकडी आणि सरकणारं हेडच नसतं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा आपलं मशीन ११ ला चालतं का तेही एसएसडी घेण्याआधीच बघा. आणि जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ठोके ऐकू येतात, डिस्क बायोसमध्ये कधी दिसते कधी नाही, सी५ रोज वाढतोय, किंवा कॉपी करताना डिस्क मध्येच गायब होते, यातलं एकही असेल आणि आतला डेटा दुसरीकडे कुठे नसेल, तर मशीन बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तबकडी ओरखडली जाण्याची शक्यता वाढते. फ्रीझरमध्ये ठेवणं, टिचकी मारणं, झाकण उघडणं, यातलं काही करू नका. हेड तबकडीच्या इतक्या जवळून तरंगतं की धुळीचा कण मध्ये आला तरी पुरतो.

अशा वेळी माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याकडेही येऊ नका, डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे जा. त्याला दोन प्रश्न विचारा: मूळ डिस्कवर काम करणार की आधी तिची पूर्ण प्रत काढणार? आणि उघडावी लागली तर ते धूळविरहित जागेत करता का? उत्तर गुळमुळीत आलं तर डिस्क परत घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतल्या फाइली मिळत नाहीत. वॉरंटीसाठी डिस्क पाठवण्याआधी हे ठरवा.

पॉवर सप्लायमधून जळका वास येत असेल तरी थांबा. तो डबा घरी उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

आणि डिस्क घेऊन निघताना: शटडाउन केल्यावर तबकडी थांबायला अर्धा मिनिट द्या, मगच कॅबिनेट हलवा. सुटी डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घ्या आणि पिशवी मांडीवर ठेवा. स्कूटरच्या डिकीत टाकून सिंहगड रोडचे स्पीडब्रेकर ओलांडत आणलेल्या दोन डिस्का माझ्या टेबलावर पोचेपर्यंत गेल्या होत्या. रिक्षा करा.